सगळ्यांना सारखाच दर

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन करून करून बोट दुखलं. वाजतो, वाजतो आणि बंद पडतो. म्हणून खोके आणि चिकटपट्टी पाठवतेय त्या गठ्ठ्यातच हे पत्र घालतेय. खोके उघडशील तेव्हा तरी सापडेल.

कशी आहेस? जेवतेस ना? दादाला जाऊन दोन महिने झाले, पण रोज सकाळी मला वाटतं की त्याला काहीतरी विचारायचं राहिलंय. मग आठवतं, दुकानाबद्दल विचारायचं होतं. आणि आता दुकान तर माझ्याच गळ्यात आहे.

तर दुकानाचंच बोलते. तू उशा शिवायचीस, दादा कॉम्प्युटरवर विकायचा, यापलीकडे मला फारसं माहीत नव्हतं. आता आत शिरून बघते तर डोकं गरगरतंय. डिलिव्हरीचा दर त्यानं सगळ्यांना एकच लावून ठेवलाय. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्यालाही तोच आणि देशाच्या पार टोकाला राहणाऱ्यालाही तोच. मी एकदा त्याला टोकलंही होतं. तर म्हणाला, "लांब राहणं हा काय गुन्हा आहे का गं?" गुन्हा नाही, पण कुरिअरवाल्यांना कोण सांगणार? ते पार्सलचं वजन करतात आणि खोकाही मोजतात. दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. उशी हलकी, पण खोका हा एवढा थोरला. लांबची प्रत्येक उशी आपण पदरचं घालून पाठवतोय. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत दुकानाला टाळं. आणि दुकान बंद झाल्यावर तू त्या दोन खोल्यांत भिंतीकडे बघत बसशील, ते मला सहन होणार नाही.

मला तीनही उशांच्या खोक्यांची मापं हवीत. छोटी, मधली, मोठी. उशी आत घालून, चिकटपट्टी लावून मग मोज, कारण खोका फुगतो.

आणखी एक. रागावू नकोस. दादा ज्या उशीवर झोपायचा ती मला देशील? कपडे तू वाटून टाकलेस, ते बरंच केलंस. पण माझ्याकडे त्याचं काहीच नाही गं.

फोन उचल.

तुझी चिमी

२० जानेवारी

चिमे,

सप्रेम नमस्कार वगैरे लिहिलाय असं समज. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा वाकडंतिकडं असेल ते सरळ करून वाच.

फोनचा कान गेलाय. वाजतो पण पलीकडचं ऐकू येत नाही. दुरुस्तीला टाकीन. तोवर पत्रच लिही. घाई कसली आहे.

खोका मोजतात म्हणजे काय ते मला आधी नीट सांग. आत कापूस, कापसात हवा. मग हवेचे पैसे लावतात का? शिट्टीवाल्याला विचारलं. शिट्टीवाला म्हणजे आपला कुरिअरवाला, जिना चढताना शिट्टी मारतो म्हणून नाव पडलं. तो म्हणाला, "मावशी, गाडीत जागा लागते ना." मी म्हटलं, "मग तुझं पोट पण जागा घेतं, त्याचे कुणाकडून घेतात?" हसला. पैसे काही कमी केले नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

दरांचं मला काही नवीन नाही. तुझा दादा रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून कुरिअरवाल्यांचे दर मोठ्यानं वाचायचा. मी समोर कापूस भरत असायची. आधी घसा खाकरायचा, मग पाढे म्हटल्यासारखा चालू. जवळ एवढे, लांब एवढे, फार लांब एवढे. कंपनी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. सगळं वाचून झालं की चष्मा काढायचा आणि म्हणायचा, "ठरलं. सगळ्यांना सारखाच." मी म्हणायची, "मग वाचलंत कशाला?" रोज हेच. मला वैताग यायचा.

तुला वेगवेगळे दर लावायचे तर लाव. मला काय कळतंय त्यातलं.

एक मात्र बंद कर. परत घेणं. तू दोन उशांवर डिलिव्हरी फुकट केलीस आणि लोक शहाणे. दोन मागवतात, एक ठेवतात आणि एक परत. जाताना फुकट आणि येताना आपल्या पैशानं. ती परत आलेली उशी मी काय करू? कुणाचं तरी डोकं त्यावर लोळून गेलेलं असतं. उसवून, कापूस काढून, पुन्हा भरून शिवायची. मला त्या हातात धरवत नाहीत. ज्याला नको त्यानं तिकडेच फेकून द्यावी, असा नियम कर. लिही ठळक अक्षरात.

छोटी आणि मधलीची मापं सोबतच्या कागदावर आहेत. मोठी एकही शिल्लक नाही, तिचं कापड संपलंय. मागवलंय.

दादाची उशी मिळणार नाही. रागावले नाही, सांगतेय. ती त्यांच्या जागेवर आहे. मध्ये डोक्याचा खळगा आहे अजून. भिंतीकडे तोंड करून झोपायचे म्हणून तो डावीकडे जास्त. मानेला मलम लावायचे त्याचा वास आहे. मी हात लावत नाही आणि कुणाला लावू देणार नाही. घरातलं बाकी काय हवं ते माग. मशीन माग, ते पण देईन.

जेवते. झोपते. कशी आहेस म्हणून विचारलंस. आहे.

वहिनी

१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उशीचं वाचलं. थोडी रडले आणि मग पटलं. असू दे तुझ्याकडेच. पुन्हा नाव काढणार नाही.

तुझ्या सांगण्यावरून बरंच काही केलंय, ऐक. दोनवर फुकट डिलिव्हरी बंद. ती माझीच हुशारी होती, कबूल. आता तीन दर केलेत: जवळ, लांब आणि फार लांब. दादासारखेच झाले बघ, फक्त तो वाचून सोडून द्यायचा. आणि दर पहिल्या पानावरच लिहिलेत. आधी ते अगदी शेवटी दिसायचे. लोक उशी निवडायचे, पत्ता भरायचे, आणि शेवटी डिलिव्हरीचा आकडा बघून पळून जायचे. आता आधीच कळतं. ज्याला पळायचं तो दारातूनच पळतो, आत येऊन पसारा करत नाही.

परत घेण्याचंही ऐकलं तुझं. आकडेमोड केली तर तूच बरोबर निघालीस. फार लांबून एक उशी परत आणायला जेवढे लागतात तेवढ्यात नवीन शिवून होते. म्हणून आता कुणाची तक्रार आलीच तर त्याचे पैसे परत करायचे आणि लिहायचं, उशी परत पाठवू नका, कुणाला देऊन टाका नाहीतर फेकून द्या. मोठी दुकानंही हेच करतात म्हणे. परतीचं बटण दुकानावरून काढूनच टाकलं. आता कुणी म्हटलं तरी खोक्यावर लावायची परतीची चिठ्ठी निघणार नाही.

राहता राहिलं मोठीचं माप. वहिनी, ते लवकर दे गं. माप नसल्यामुळे मी मोठीला अंदाजानं दर लावलाय आणि तिची एक ऑर्डर येऊन पडली आहे. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे, फार लांबच्या भागातली. कापड आलं की आधी तीच शीव.

आणि सोबत नवीन फोन आहे. कान, तोंड सगळं ठणठणीत. मी स्वतः वाजवून बघितलाय. आता तरी बोल.

तुझी चिमी

१३ फेब्रुवारी

चिमे,

फोन परत पाठवतेय. आपल्याकडे परत घेतात की नाही माहीत नाही, पण हा घ्यावाच लागेल. मला त्याची बटणं कळत नाहीत. डिलिव्हरी माझ्याकडून.

माप घे. कागदावर लिहिलंय ते मोठीचं. मोठी नव्हतीच, कापडाचा पत्ता नव्हता, आणि तू मागे लागलेलीस. शेवटी ह्यांचीच उशी आणली. मोठीच आहे ती, जुन्या मापाची. दोन्ही हात खालून घालून उचलली, खळगा मोडू नये म्हणून. खोक्यात ठेवली. झाकण दाबलं नाही, नुसतं टेकवलं आणि पट्टी लावली. मोजलं. मग पट्टी काढायला गेले तर वाटलं, राहू दे. पलंगावर धूळ बसते तिच्यावर, आणि झटकता तर येत नाही. खोक्यात बरी राहील. धूळ बसायची तर खोक्यावर बसेल.

त्याच दुपारी कापड आलं. डॉक्टरीणबाईची उशी लगेच शिवली, भरली, खोक्यात घातली. शिट्टीवाला ऐन घाईत येऊन उभा. त्याला बसायला सांगितलं की उभा राहतो आणि उभा राहा म्हटलं की पायरीवर बसतो. "मावशी, गाडी खाली आडवी लावलीय, मागचे शिव्या देतायत." नाव-पत्त्याची चिठ्ठी तो छापून आणतो, मी चिकटवते. चिकटवली आणि दिला खोका. टेबल एकदाचं मोकळं झालं.

ह्यांचा खोका पलंगावर त्यांच्या जागी ठेवलाय. आडवा, डोक्याकडे. आता मी खोक्याशेजारी झोपते. कुणी बघितलं तर वेडी म्हणेल. कुणी येत नाही म्हणून बरं.

तू त्यांना पोचवायला आलीस तेव्हा विचारलं होतंस की त्या दिवशी काय झालं. मी तेव्हा सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला. दोरा आणायला आत गेले. बाहेर आले तर चहा तसाच. मी म्हटलं, निवतोय. एवढंच.

दर लावलेस ते ठीक. दुकान तुझ्या हातात आहे.

वहिनी

४ मार्च

वहिनी,

आज प्रिय वगैरे राहू दे. आधी चांगलं सांगते आणि मग वाईट.

चांगलं हे की दुकान तगलं. नवीन दरांनी लांबची गिऱ्हाइकं थोडी गळाली, पण जी येतात त्यांच्यासाठी आपण आता पदरचं घालत नाही. एका माणसानं लिहिलं, पूर्वी आम्हालाही सारखाच दर होता, आम्ही काय पाप केलं. दादा असता तर त्याला फुकट पाठवून मोकळा झाला असता.

आता वाईट. त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. त्या लिहितात की नव्या उशीचे पैसे भरले आणि खोक्यातून वापरलेली उशी निघाली. विटलेला निळा अभ्रा, मध्ये डोकं ठेवून ठेवून पडलेला खळगा, कसल्या तरी मलमाचा वास आणि अभ्र्याला चिकटलेला एक पांढरा केस. बाई सभ्य म्हणून त्यांनी चारचौघांत बोभाटा केला नाही, मला एकटीला लिहिलं.

वहिनी, असं कसं केलंस गं? परत आलेल्यांपैकीच एक दिलीस ना? कापड आलं नसेल, मी घाई केली असेल, पण म्हणून जुनी उशी नवी म्हणून पाठवायची? तू तर म्हणायचीस की परत आलेली हातात धरवत नाही. दुकान दादाचं आहे. त्यानं आयुष्यभर लोकांना लांब राहिल्याचा भुर्दंड पडू दिला नाही, आणि आपण त्यांना कुणाच्या तरी डोक्याखालची उशी पाठवायची?

मी बाईंची माफी मागितली. पैसे परत केले. आणि आपल्या नियमाप्रमाणे लिहिलं, उशी परत पाठवू नका, फेकून द्या.

मी चिडले आहे. पण त्याहून जास्त काळजी वाटतेय. तुझं लक्ष कुठे असतं? मी येऊ का चार दिवस?

चिमी

११ मार्च

चिमे,

पलंगावरचा खोका उघडला. आत नवी उशी आहे. मी शिवलेली. टाका माझाच.

अभ्रा निळा होता.

त्या दिवशी टेबलावर दोन खोके होते. सारखेच. तूच पाठवलेले. चिठ्ठी मी चिकटवली.

तुझा दोष नाही. फेकून द्या असं तू लिहिलंस ते मीच सांगितलं होतं. ठळक अक्षरात लिही म्हणाले होते. तू मागितलीस तेव्हा दिली असती तर तुझ्याकडे तरी असती.

येऊ नकोस. इथे काही नाही. बाईला विचारायचं असेल तर विचार. नसेल तर राहू दे. फेकायची वस्तू लोक लगेच फेकतात.

आज चार मधल्या भरल्या. शिट्टीवाला घेऊन गेला.

वहिनी

१९ मार्च

वहिनी, माझी वहिनी,

तुझं पत्र वाचलं. माझ्या हातानं लिहिलं गं मी, फेकून द्या म्हणून. मी मागितलेली उशी. मलम लिहिलं होतं, पांढरा केस लिहिला होता, डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि मला कळलं नाही. मी तुझ्यावर चिडून बसले. वर तुला शिकवायला निघाले.

लगेच बाईंना लिहिलं. परतीचं बटण तर मीच काढलेलं. दुकान म्हणतं, या मालाची परती होत नाही. आपल्याच दुकानानं मला नाही म्हटलं! शेवटी माझ्या स्वतःच्या नावानं कुरिअर बोलवायचं ठरवलं आणि बाईंना साधं पत्र लिहिलं. सांगितलं की ती माझ्या भावाची उशी आहे, तो आता नाही, ती चुकून तुमच्याकडे आली, तुम्ही फेकली नसेल तर मला सांगा.

दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. फेकली नाही, वहिनी! दवाखान्याच्या दारावर एक म्हातारा राखणदार असतो, त्याला दिली होती. तो खुर्चीत पाठीमागे घेऊन बसायचा. बाईंनी त्याला दुसरी आणून दिली आणि ही परत घेतली. म्हणाल्या, तुम्ही कुरिअर बोलवू नका, मीच पाठवते, खर्च मी करते, एवढं तर करू द्या. पत्ता तुझाच दिलाय. माझ्याकडे मागवली नाही. ती तुझीच.

फार लांबून येतेय, वेळ लागेल. पण येतेय.

फोन सारखा करतेय. तुला ऐकू येत नसेल तरी उचल. नुसती उचलून धर. मला कळू दे की तू तिथे आहेस.

चिमी

२ एप्रिल

वहिनी,

बाईंनी कुरिअरचा नंबर कळवला होता, त्यावर उशी पोचल्याचं दिसतंय. गेल्या शुक्रवारीच. तुझं पत्र नाही.

पोचली ना? दोन ओळी टाक. नुसतं पोचली एवढं लिही.

चिमी

१४ एप्रिल

चिमे,

पोचली.

उशीर झाला लिहायला. कामात होते असं नाही. लिहायला बसायची आणि उठायची.

शिट्टीवाल्यानं खोका आणला. वर बाईचं अक्षर. डॉक्टरांचं असूनही वाचता येतं. तो म्हणाला, "मावशी, आज उलटी गंगा? तुमच्याकडेच उशी?" मी सही केली. तो गेल्यावर दार लावलं. खोका पलंगावर ठेवला, त्याच जागी. कात्रीनं पट्टी कापली. घाई केली नाही.

आत प्लास्टिक. प्लास्टिकमध्ये उशी. धुलाईवाल्याचा लाल बिल्ला अजून टाचलेला. बाईनं चिठ्ठी घातलीय. वाचून दाखवते, म्हणजे लिहिते: "आपल्या भावना समजल्या. राखणदार तीवर टेकून बसत असे, त्यामुळे तशीच पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही. उत्तम धुलाई करून, आतला कापूस पिंजून घेऊन, नवा अभ्रा घालून पाठवत आहे. आपल्या बंधूंची आठवण आपल्याजवळ नव्यासारखी राहो."

तर नव्यासारखी आहे. फुगलेली आहे चांगली. मध्ये खळगा नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी नाक लावून बघितलं. साबण. अभ्रा पांढरा आहे, कडेला नक्षी आहे. भारी कापड आहे. धुलाईवाल्यानं टाके पण नीट घातलेत, माझ्यापेक्षा बारीक.

बाईवर रागावू नकोस. दुसऱ्याची मळलेली वस्तू परत करायची तर माणूस धुऊनच देतो. मी पण धुऊनच दिली असती. तू तिला धुऊ नका असं लिहायला हवं होतंस असं आता तुझ्या मनात येईल. तेही मनात आणू नकोस. असं कोण लिहितं.

मी रडले नाही. तू विचारशील म्हणून सांगितलं. उशी मांडीवर घेऊन बसले. मग उठून दोन छोट्या शिवल्या. छोट्यांचं कापड पण संपत आलंय, पाठव.

उशी या पार्सलात आहे. तू मागितली होतीस ना, घे. आता तिच्यावर कुणीही झोपावं. तू झोप. मान दुखत असेल तर बरी आहे, कापूस चांगला आहे, तो मीच भरला होता. जवळचा दर लाव. तुझं गाव जवळच्यात येतं, शिट्टीवाल्याला विचारून घेतलंय.

आता एक सांगायचं आहे. फोनचा कान गेला नव्हता. चांगला आहे.

तुझा दादा गेल्यानंतर चार दिवसांनी तू फोन केला होतास. मी उचलला. तू बोलायच्या आधी घसा खाकरलास. मग म्हणालीस, "वहिनी, जेवलीस का?" आवाज तोच. तसाच जड, शेवटी खाली पडणारा. तुम्ही दोघं भावंडं एकाच मडक्यातून बोलता, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं, लहानपणी तुला फोनवर सगळे दादाच समजायचे. पण तेव्हा ते घरात बसलेले असायचे. मी फोन खाली ठेवला. त्यानंतर उचलला नाही. मला वाटलं, घरात त्यांची एक वस्तू आहे तेवढी पुरे, आवाज नको. आवाज ऐकला की माणूस वळून बघतो. मी वळून बघितलं होतं त्या दिवशी, खुर्चीकडे.

आता वस्तू नाही.

तेव्हा असं कर. रविवारी संध्याकाळी फोन कर. मी उचलीन. मी बोलणार नाही, तू मला काही विचारू नकोस. जेवलीस का विचारू नकोस, कशी आहेस विचारू नकोस, रडू तर अजिबात नकोस, आवाज बदलतो. मी कापूस भरत असेन. फोन टेबलावर ठेवीन, जोरात बोल.

दर वाच. कुरिअरवाल्यांचे. जवळ, लांब, फार लांब. एक कंपनी झाली की दुसरी. घाई करायची नाही. मध्ये घसा खाकरलास तर चालेल.

आणि शेवटी म्हणायचं, ठरलं, सगळ्यांना सारखाच. आता तसं नाही, तू तीन दर लावलेस, मला माहीत आहे. तरी म्हण.

वहिनी